वहिनींच्या घोट्याचं कार्ड

घोटेमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, चाली राहत. समोरच्या इमारतीत वीस वर्षं राहणारे गृहस्थ दुकानात येऊन बाकड्यावर बसले, तरी मास्तर त्यांच्याशी परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं बोलत. ते उठून दाराकडे चालायला लागले, की मागून म्हणत, "अहो, तुम्ही होय. आधी चालून दाखवायचं ना." लग्नाकार्यात बायको त्यांना सारखी कोपराने ढोसायची, कारण नवरानवरीशी बोलतानासुद्धा यांची नजर खाली, जोड्यांवर.

इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. दारात दोन पायऱ्या आणि पायऱ्यांशेजारी एक उतार, कारण येणाऱ्यांपैकी निम्म्यांना पायरी चढवत नसे. आत एक लांब बाकडं, भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा आरसा, ज्यात माणसाला फक्त स्वतःचे पाय दिसत, आणि दारापासून टेबलापर्यंत फरशीवर ओढलेली एक पिवळी रेघ. या रेघेवरून चालून दाखवल्याशिवाय कोणाला काही मिळत नसे. मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. तरुणपणी इस्पितळातच प्लास्टर कालवायच्या कामाला लागले, तिथून साचे करायला शिकले आणि पुढे स्वतःचं दुकान थाटलं. पण पट्टा न्यायला आलेल्याला ते पट्ट्याआधी धडा देत, म्हणून मास्तर. आणि गुडघा, मनगट, मान काहीही घेऊन आलात तरी त्यांचा जीव घोट्यात, म्हणून घोटेमास्तर.

धडा ठरलेला असे. प्लास्टर निघालं म्हणजे पाय बरा झाला असं नसतं, हाड जुळलेलं असतं पण घोटा आपलं काम विसरलेला असतो, इथून सुरुवात. मग भिंतीवरच्या खुंट्या. पहिला तो मोठा बूट, पोटरीपर्यंत येणारा, पुढून पट्ट्यांनी आवळायचा. हा घोट्याला काहीच करू देत नाही, त्यामुळे सुरुवातीला याच्यासारखा दुसरा नाही. पण याला पाहुण्यासारखं वागवायचं, फार दिवस ठेवून घ्यायचं नाही. त्यानंतर बिजागरीचा. दोन्ही बाजूंनी दोन कडक पट्ट्या, घोट्याच्या उंचवट्याशी बिजागरी. पाऊल वर-खाली होतं, पण आत-बाहेर मुरगळत नाही. मग नाड्यांचा. जाड कापडाचा, वरून आठाच्या आकड्यासारखे फिरवलेले दोन पट्टे, नेहमीच्या जोड्यात मावणारा. आणि शेवटी लवचीक मोजा. "हा फक्त धीर देतो," मास्तर म्हणत, "पण धीरही लागतोच की."

एवढं ऐकून झालं की प्रत्येक जण विचारायचाच, यातला चांगला कुठला? मास्तर या प्रश्नाची वाटच बघत असत. ते खणातून एक जाड कार्ड काढत, त्यावर माणसाचं पाऊल ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारत आणि मग विचारत, "पायाने काय काम करता?"

लोक गोंधळत. कोणी म्हणे, कारकून आहे. मास्तर म्हणत, ते डोक्याने झालं, पायाने काय करता? मग निघायचं की कारकुनाला रोज चार मजले चढायचे असतात, किंवा तो दिवसभर खुर्चीच्या दांडीत पाय अडकवून बसतो. एका ट्रकवाल्याला त्यांनी बाकड्यावर बसवून पायाखाली लाकडाचा ठोकळा दिला होता आणि वीस वेळा क्लच दाबून दाखवायला लावला होता. घरं रंगवणारा एक जण त्याला शिडीवर पाय कसा ठेवावा लागतो ते नीट सांगू शकेना, तर मास्तर दुकान बंद करून त्याच्या साथीदारांच्या कामावर गेले आणि शिडीखाली तासभर मान वर करून उभे राहिले. वरून रंगाचे दोन थेंब चष्म्यावर पडले, ते त्यांनी कितीतरी दिवस पुसले नाहीत. हे सगळं कार्डावर उतरायचं. 'पायाचं काम' अशी कार्डाच्या खाली छापलेली जागाच होती. अशी कार्डं दुकानात हजारांनी होती.

इतक्या वर्षांत त्यांचं एकदाच चुकलं होतं, निदान त्यांना ठाऊक असलेलं. टपाल वाटणारा एक माणूस गयावया करत होता की बूट नको, मला फिरायचं असतं. मास्तर विरघळले आणि त्यांनी दोन आठवडे आधीच बिजागरीचा देऊन टाकला. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तो पडला. पुन्हा तोच घोटा, या वेळी आत पट्टी आणि स्क्रू. तो भांडायला आला नाही, हेच मास्तरांना लागलं. पुढे एकदा ते टपाल कचेरीत गेले तर तो आत खिडकीशी बसून तिकिटं विकत होता. तो बसलेला असूनही मास्तरांनी त्याला ओळखलं. तिकिटं न घेताच ते परत आले.

मास्तरांची बायको म्हणजे वहिनी. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणत आणि आपणही तेच म्हणू. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं आणि दारावर पडदा. पडद्याच्या पलीकडे तीन पावलांवर वहिनींचं पायमशीन. मास्तर पट्ट्यांचे सांगाडे करत, आतली अस्तरं वहिनी शिवत. कातड्याची कड, कॅनव्हास, त्याखाली मऊ फलालीन, असे तीन थर एकावर एक घेऊन टाका सरळ नेणं हे सोपं काम नव्हे. मोटरच्या मशीनवर ते सुसाट पळतं आणि सुई मोडते. तिथे पायच लागतो, एक एक टाका मोजून टाकणारा. दुकानात मास्तरांचा धडा चालू असताना मागे ती खटखट चालूच असे, आणि ती थांबली की मास्तर बोलता बोलता अडखळत.

नाड्यांचा पट्टा तर मुळात वहिनींचाच. एकदा मुलीच्या जुन्या दप्तराचं कापड उरलं होतं, त्यातून त्यांनी तो सहज शिवून बघितला होता. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाले, ही तर पायाला घालायची पिशवी झाली. तेव्हापासून घरात त्याचं नाव पिशवी. पुढे दुकानात सगळ्यात जास्त तोच खपायला लागला, पण नाव काही बदललं नाही. वहिनीही हसून तेच म्हणायच्या. मनात काय होतं ते कोणी विचारलं नाही.

मग एके दिवशी सकाळी मास्तर कुणाला तरी बिजागरी समजावून सांगत होते आणि आत धप्पकन आवाज झाला. त्यांनी तिथूनच विचारलं, "अगं, काय पडलं?"

पडद्याआडून वहिनी म्हणाल्या, "मी."

माळ्यावरून कॅनव्हासचा गठ्ठा काढताना स्टुलाचा पाय सरकला होता. उजवा घोटा, बाहेरच्या बाजूचं हाड. सहा आठवडे प्लास्टर झालं. ते काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरून बघितला आणि हाड छान जुळलंय म्हणाले. इतर पेशंटना ते चिठ्ठीवर लिहून देत, बूट किती दिवस, मग बिजागरीचा, मग व्यायामाच्या खोलीत आठवड्यातून तीनदा. मास्तरांना त्यांनी काहीच लिहून दिलं नाही. म्हणाले, "तुम्हाला मी काय लिहून देऊ? घरचंच दुकान आहे. कधी काय घालायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त घोटा हलता ठेवा."

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि तिथेच घात झाला.

ते घरी आले आणि भिंतीवरच्या चारपैकी एकही खुंटी त्यांना आपल्या बायकोच्या लायकीची वाटेना. बूट ढोबळ, बिजागरीचा धोक्याचा, कारण तिसऱ्या मजल्याचा तो जिना त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि पिशवी ती पिशवी. मग त्यांनी वहिनींच्या पायाचा साचा घेतला, त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा बसवला, कानशीने कडा गुळगुळीत केल्या, आतून कातडं लावलं. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. पोटरीपासून बोटांपर्यंत एकसंध, अंड्याच्या कवचासारखा पातळ आणि दगडासारखा कडक. त्यात बिजागरी नव्हती. आतलं अस्तर एरवी वहिनींनी शिवलं असतं, ते या वेळी मास्तरांनी हाताने शिवलं. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, टाका जरा धावतोय. पण हसल्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने आपल्यासाठी म्हणून पहिल्यांदाच काही केलं होतं.

असं कवच महिनाभर असतं तर कदाचित निभावलं असतं. मास्तरांनी ते चार महिने ठेवलं.

दर रविवारी मास्तर ते काढत, पाय कोमट पाण्याने धुवत, तळव्याखाली हात धरून पाऊल चार वेळा हलवत आणि पुन्हा आवळून टाकत. पहिल्याच महिन्यात वहिनींनी व्यायामाच्या खोलीचं विचारलं. मास्तर म्हणाले, तिथे कशाला जायचं, मी आहे की. डॉक्टरांनी मध्ये एकदा रस्त्यात गाठून विचारलं, घोटा हलतोय ना? मास्तर म्हणाले, हलतोय. त्यांना तसं खरंच वाटत होतं. हजार लोकांचे घोटे हाताखालून गेलेल्या माणसाला आपण चार वेळा हलवलं म्हणजे हलला असं वाटणं हा गर्वच, दुसरं काय.

एकदा वहिनी म्हणाल्या, मला माझी पिशवी द्या ना, आता बास झालं हे. मास्तर हसले. आणखी एकदा म्हणाल्या की हे जरा सैल करता आलं तर मशीनवर थोडं बसून बघेन. तेव्हा मास्तर म्हणाले, "मशीन कुठे पळून जातंय?"

त्यावर वहिनी गप्प बसल्या. त्यांना वाद घालायची सवय नव्हती, आणि मास्तरांना त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ 'बरं' असा लावायची सवय होती.

खरं सांगायचं तर मास्तरांना ते दिवस आवडत होते. बायको पलंगावर पाय उशीवर ठेवून बसलेली, आपण चहा करून नेतोय, औषधाची वेळ सांभाळतोय. मुलगी दूरच्या गावाहून फोन करायची तर हे कौतुकाने सांगत की तुझ्या आईला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही. एखादं जाणतं गिऱ्हाईक आलं की पडदा बाजूला करून दाखवत, हे बघा, एकसंध, एक सुरकुती शोधून दाखवा. वहिनी आपला पाय थोडा पुढे करत. पुढे पुढे पडदा सरकल्याचा आवाज आला की पाय आपोआप पुढे यायचा. अस्तरं बाहेरून तयार यायला लागली. मास्तर म्हणाले, बरंच झालं, तुझा ताप वाचला. मशीनवर चादर टाकलेली होती. चादरीवर अस्तरांची खोकी जमत गेली.

चार महिन्यांनी कवच उतरलं. वहिनींनी स्वतः खोकी खाली ठेवली, चादर काढली, चाकावरच्या कातडी वादीला बोट लावून बघितलं आणि मशीनवर बसल्या. मास्तर दुकानात होते. त्यांना खट असा आवाज आला, मग थोडं थांबून पुन्हा खट. पॅडलवर पाऊल झुलावं लागतं, बोटं खाली, मग टाच खाली. वहिनींची बोटं जेमतेम जात होती आणि टाच खाली येतच नव्हती. त्या गुडघ्यातून सबंध पाय ढकलत होत्या, चाक अर्धा फेरा घेऊन उलटं फिरत होतं आणि उलटं फिरलं की दोरा तुटत होता. तीनदा तुटला. मास्तरांनी पडद्यातून डोकावून विचारलं तेव्हा त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"दोरा चांगला नाही आजचा," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोऱ्याची नवी रिळं आणून दिली.

ती रिळं तशीच राहिली. मशीनवर चादर आली आणि चादरीवर खोकी. वहिनी घरात हिंडायला फिरायला लागल्या होत्या, स्वयंपाक करत होत्या, मास्तरांचं समाधान होतं. आपण एक केस उत्तम रीतीने निभावली असं ते धरून चालले होते. मग एके दुपारी ते टेबलाशी खाली वाकून कुणाच्या तरी बिजागरीचा खिळा ठोकत होते. समोर तो आडवा आरसा होता. आरशात दोन पाय दिसले, पिवळ्या रेघेवरून येणारे. उजवं पाऊल बाहेर वळलेलं. टाच टेकते न टेकते तोच उचललेली. घोटा वाकत नाही म्हणून सबंध पाय कमरेतून फिरवून पुढे आणलेला. मास्तरांनी बघताक्षणी ताडलं की हिचा घोटा आखडलाय, कोणीतरी नको तितके दिवस बांधून ठेवलंय, आता हाताबाहेर गेली केस. कोणा मूर्खाने केलं असेल हे, असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी मान वर केली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

गावातल्या निम्म्या लोकांची चाल ओळखणाऱ्या माणसाने बायकोची चाल ओळखली नव्हती. ती चाल नवी होती, आणि ती त्यांनीच तयार केली होती.

मास्तरांनी चहा घेतला. चहा कसा होता ते त्यांना सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहिनींना इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे व्यायाम घेणाऱ्या बाई तरुण होत्या, मास्तरांना नावाने ओळखत होत्या, उठून उभ्या राहिल्या. त्यांनी वहिनींचा पाय मांडीवर घेतला, एक हात टाचेला, एक तळव्याला, आणि हळूहळू वर रेटला. पाऊल काटकोनापाशी येऊन थांबलं. त्यापुढे भिंत होती. बाईंनी मोजपट्टी लावली, आकडा लिहिला आणि मग वहिनींकडे बघून सहज विचारलं, "वहिनी, पायाने काय काम करता तुम्ही?"

हा प्रश्न त्या मास्तरांकडूनच शिकल्या होत्या. इस्पितळात सगळेच आता असं विचारत.

वहिनींनी तोंड उघडलं, पण त्याआधी मास्तर बोलून गेले, "ती घरीच असते."

बत्तीस वर्षांच्या सवयीने ते निघालं. बाईंनी मान डोलावून तसं लिहायला घेतलं. वहिनी आपल्या पावलाकडे बघत होत्या. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. बाईंनी समजावून सांगितलं की रोज व्यायाम करावा लागेल, दुखेल, थोडं मोकळं होईल, पण किती ते सांगता येणार नाही. आठव्या-दहाव्या आठवड्यात आला असता तर गोष्ट वेगळी होती, एवढं बोलून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं आवरतं घेतलं. परत येताना इस्पितळाच्या उतारावर मास्तरांनी हात पुढे केला. वहिनींनी तो धरला, कारण धरावाच लागत होता.

त्या आठवड्यात एकदा वहिनी शेजारी गेल्या होत्या. मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, खोकी उतरवली, चादर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मशीनवर बसले. पॅडलवर दोन्ही पाय ठेवले. पाय हलवला तर चाक उलटं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा उलटं. चौथ्या-पाचव्या वेळी जमलं, आणि मग त्यांनी शिवणं सोडून खाली वाकून स्वतःच्या घोट्याकडे बघितलं. वर, खाली, वर, खाली. आत नाही, बाहेर नाही. बिजागरीचा पट्टा जेवढी हालचाल देतो तेवढीच, नेमकी तेवढीच. तोही नको होता, पिशवीनेसुद्धा भागलं असतं. हे कळायला त्यांना दोन मिनिटं लागली. रंगाऱ्याच्या शिडीखाली ते तासभर उभे राहिले होते.

 ते पुन्हा पाय हलवायला लागले, चाक उलटं गेलं आणि दोरा तुटला. दारातून वहिनी कधी आल्या ते त्यांना कळलं नाही.

वहिनींनी मशीन बघितलं, खाली उतरवलेली खोकी बघितली, तुटलेला दोरा बघितला. म्हणाल्या, "चाक आधी हाताने पुढे फिरवायचं, मग पाय. उलटं गेलं की तुटतो."

"तू दोऱ्याला नावं ठेवलीस त्या दिवशी," मास्तर म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं?"

 मास्तर उठले. भिंतीवरची पिशवी काढून आणली, वहिनींना दुकानातल्या बाकड्यावर बसवलं आणि त्यांच्या उजव्या पायात ती घालून नाड्या आवळायला लागले. वहिनींनीच शिवलेली, त्यांच्याच मापाची. ती आता सैल झाली होती. पाय इतका वाळला होता की दोन्ही कडा एकमेकींना येऊन मिळाल्या तरी आत बोट जात होतं. मास्तरांनी नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, आणखी घट्ट. बोट तरी जातच होतं. मग त्यांनी पट्टा काढला, खण उघडला आणि एक कोरं कार्ड घेतलं. इतक्या हजार कार्डांत वहिनींचं कार्ड नव्हतं. ते पाय धरून फरशीवर बसले, पेन्सिल फिरवून रेघ मारली. टाचेपाशी रेघ वाकडी गेली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "फार चुकलं. तू सांगत होतीस."

वहिनी म्हणाल्या, "दोनदाच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं मी."

तेवढं ऐकून मास्तरांना जास्तच लागलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि हजारो लोकांना विचारलेलं आज पहिल्यांदा घाबरत घाबरत विचारलं, "पायाने काय काम करतेस?"

वहिनींना आधी हसू आलं. मग त्या खरंच विचार करायला लागल्या. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढते, त्या म्हणाल्या. ते काढतानाच तर पडले. ओट्यावरच्या वरच्या फळीला हात पुरत नाही, तेव्हा चवड्यांवर उभी राहते. जिना उतरून शेजारी जाते, येताना पिशव्या असतात. फरशी पुसताना उकिडवी बसते. दार पायाने लोटते, हातात ताट असलं की. मुलगी आली की तिच्या बाळाला पावलांवर बसवून झुलवते, त्याला दुसऱ्या कशाने झोप येत नाही. मास्तर लिहीत होते. 'पायाचं काम' ही छापलेली जागा केव्हाच संपली, त्यांनी कार्ड उलटवलं आणि मागे लिहायला घेतलं. वहिनी मधेच थांबत, आठवत, आणखी एक सांगत. यातलं एकही मास्तरांना नवं नव्हतं आणि एकही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी पडद्याकडे बघितलं. तो उघडाच होता आणि मशीनवर चादर नव्हती.

"तुमची अस्तरं शिवते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ते राहू द्या. ते आता नका लिहू."

मास्तरांनी पेन्सिल कार्डावरून उचलली. खाली अजून एका ओळीची जागा होती.